गोल्फच्या ड्रायव्हरचा वेग येतो कुठून? गच्चीवरच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज गोल्फच्या सरावाच्या रेंजवर ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांचं रडारवालं यंत्र वापरायला दिलं. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, वीस चेंडू मारले. क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग सरासरी ताशी ८८ मैल, एकही फटका ९० ला शिवला नाही. चेंडूचा वेग सरासरी १२२.

शेजारच्या जागेवर सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. उंचीला माझ्या खांद्याएवढी. तिचा आकडा ९३. जोर लावतेय असं कुठेच दिसत नव्हतं. मी मात्र प्रत्येक फटक्याला दात-ओठ खात होतो.

पंचवीस वर्षं पंपांच्या धंद्यात काढली. फिरणाऱ्या वस्तूंचा हिशेब हे माझं पोटापाण्याचं काम, आणि स्वतःच्या हातातली काठी कशी फिरते ते मला सांगता येत नाही! मी मूळचा नाशिकचा, तिथे ‘गोल्फ क्लब’ म्हणजे एक मैदान, जिथे गोल्फ सोडून बाकी सगळं चालतं. खेळ चाळिशीत पुण्याला शिकलो, तो बघून-बघून. आता नीट समजून घ्यायचं. नियम एकच: समजेपर्यंत जिम नाही आणि नवा क्लब नाही.

ताकद हे उत्तर असतं तर गोष्ट सोपी होती. पण अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये पुरुषांचा ड्रायव्हरचा वेग सरासरी ११३ ते ११५ मैल आणि महिलांचा ९४-९५. त्यातल्या कितीतरी जणी वजनाने माझ्याहून हलक्या आहेत आणि मी त्यांच्या सहा-सात मैल मागे. कुठेतरी गळती आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

कागदावरचे हिशेब. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. ८८ मैल म्हणजे सेकंदाला ३९ मीटर. एवढ्या वेगाच्या डोक्यात १५५ ज्यूल, शाफ्टचा (दांडीचा) वाटा धरून क्लबमध्ये सुमारे १७५ ज्यूल ऊर्जा. डाउनस्विंगला, म्हणजे क्लब वरून चेंडूवर आणायला, पाव ते तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात ही ऊर्जा कोणीतरी क्लबमध्ये भरायची आहे.

‘क्लब नुसता पडू द्या, गुरुत्वाकर्षण काम करेल’ हा सल्ला मी शंभरदा ऐकलाय. दोन मीटरवरून पडणाऱ्या डोक्याला गुरुत्वाकर्षण देतं चार ज्यूल, म्हणजे ताशी १४ मैल. हातांचं वजन धरलं तर थोडं जास्त. सैल सोडण्यासाठी कानमंत्र म्हणून सल्ला ठीक आहे, ऊर्जेच्या वहीत त्याची नोंद किरकोळ खर्चात.

टकरीचा हिशेब मात्र डोळे उघडणारा निघाला. चेंडू ४६ ग्रॅमचा, आणि नियमांनी ड्रायव्हरच्या चेहऱ्याची (चेंडूला लागणाऱ्या बाजूची) उसळी ०.८३ ला बांधलेली. १ अधिक ०.८३, भागिले १ अधिक ४६/२००; १.८३ भागिले १.२३, म्हणजे चेंडू क्लबच्या जवळजवळ दीडपट वेगाने निघायला हवा. माझ्या ८८ ला १३१ यायला हवेत, आले १२२. म्हणजे क्लबचा वेग शोधायच्या आधीच चेंडूचे नऊ मैल मी मधोमध न मारल्यामुळे घालवतोय. चेंडूवर मार्करने ठिपका काढून दहा फटके मारले, ठिपका टेकला तो बहुतेक वेळा क्लबच्या टाचेच्या (शाफ्टकडच्या) बाजूला, बोट-दीड बोट बाहेर.

हा वेगळा रोग. औषध नंतर. आधी मुख्य तक्रार.

१७ नोव्हेंबर

मोबाइल तिपाईवर, सेकंदाला २४० चित्रं. घरी येऊन एकेक चित्र पुढे सरकवत बसलो आणि उडालोच. इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब चेंडूला लागण्याच्या, आधी शाफ्ट चक्क केळ्यासारखा वाकलेला! शाफ्ट मऊ आहे, कडक घ्यावा लागेल, असं वहीत लिहिलंसुद्धा.

रात्री खोडलं. मोबाइलचा कॅमेरा सगळं चित्र एका क्षणी टिपत नाही, ओळी-ओळीने टिपतो. तेवढ्यात क्लब पुढे सरकलेला असतो, म्हणून सरळ काठी वाकडी दिसते. पंख्याची पाती अशीच वाकडी दिसतात, हे मला माहीत होतं, तरी फसलो. शाफ्ट वाकतो हे खरं, पण थोडाच, आणि इम्पॅक्टला बहुधा उलट्या बाजूला: डोकं शाफ्टच्या मागे रेंगाळत नाही, किंचित पुढे आलेलं असतं. डोक्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो आणि बाहेर ओढणारा जोर त्याला रेषेत आणू पाहतो, म्हणून.

व्हिडिओतून क्लबहेडचा वेग मोजणं फोल. एका चित्रातून दुसऱ्यात ते सोळा सेंटिमीटर पळतं आणि दिसतो नुसता धूसर पट्टा. हात मात्र स्वच्छ दिसतात. मनगटाला पांढरी चिकटपट्टी लावून मोजलं: सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर, इम्पॅक्टला ६.

हे दोनदा तपासलं. ऐन फटक्याच्या क्षणी माझे हात *मंदावतात*. मला तर वाटत होतं तिथे मी जीव ओततोय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आलो आणि दिवसभर संगणकापुढे.

दोन काठ्यांचं प्रतिमान, म्हणजे मॉडेल. वरची काठी म्हणजे खांद्यांच्या मध्यापासून हातांपर्यंत, खालची म्हणजे क्लब, मध्ये मनगटाची बिजागरी. ही कल्पना माझी नाही. १९६८ मध्ये अ‍ॅलिस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज या ब्रिटिश जोडीने गोल्फचा स्विंग असा मांडून दाखवला. १९७० मध्ये नेब्रास्काच्या थिओडोर जॉर्गेन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचं गणित चोख केलं. माणसाच्या सांगाड्याचा एवढा अपमान बघून डॉक्टर मंडळी नाकं मुरडतील, पण पंपाचं पहिलं गणितही आम्ही असंच करतो.

समीकरणं मांडली, पायथॉन या संगणकभाषेत चालवली. पहिल्याच फेरीत क्लबहेडचा वेग २३० मैल. जागतिक विक्रम पायाखाली. म्हणजे चूक आहे.

२४ नोव्हेंबर

चूक सापडली. एका पदाचं चिन्ह उलटं होतं आणि क्लब शून्यातून ऊर्जा पीत होता. आता प्रत्येक फेरीला ऊर्जेचा ताळा घालतो: खांद्याने केलेलं काम आणि शेवटची गतिज ऊर्जा जुळलीच पाहिजे. ही सवय पहिल्या दिवसापासून हवी होती.

खांद्याचा पीळ (फिरवणारा जोर, टॉर्क) ७५ न्यूटन-मीटरवर आणला तेव्हा वेग ८८ मैलांवर आला, म्हणजे प्रतिमान ढोबळमानाने मीच. मनगटाला काहीच करू दिलं नाही, बिजागरी मोकळी. फक्त काटकोनापेक्षा जास्त मिटायचं नाही, एवढी एक अटकाव-खुंटी.

मग आलेख काढला आणि बराच वेळ बघत राहिलो. हात आधी वेग घेतात, त्यांच्यात ८७ ज्यूलपर्यंत ऊर्जा साठते. मग क्लब बाहेर फेकला जायला लागतो, आणि हातांची ऊर्जा उतरत जाऊन इम्पॅक्टला ५० ज्यूल उरते. खांदा अजूनही पुढेच ढकलतोय, तरी हात मंद होतात! उरलेली ऊर्जा क्लबने ओढून नेलेली असते.

व्हिडिओतले ८ आणि ६ आणि प्रतिमानातले ८ आणि ६, अगदी गळ्यात गळा. हात मंदावणं हा माझा दोष नव्हताच. तो देवाणघेवाणीचा पुरावा आहे. मात्र याचा अर्थ ‘हात मुद्दाम थांबवा’ असा कोणी काढू नये. मी प्रतिमानात ते करून पाहिलं, खांद्याचा पीळ मध्येच तोडला, वेग घटला. हातांना क्लबने थांबवलं पाहिजे, आपण नाही.

८ डिसेंबर

मनगटाला काम दिलं. डाउनस्विंग सुरू होताच क्लब उघडायच्या दिशेने छोटासा पीळ, म्हणजे आपण ज्याला ‘हाताने मारणं’ म्हणतो ते. ज्यादा ताकद घातली, वेग वाढायला हवा.

८८ चे ८१ झाले.

तीन वेळा ताळा घातला, गणित बरोबर. क्लब फार लवकर बाहेर उघडला की खांद्याला एक लांब, जड काठी फिरवावी लागते. हातांना वेग घ्यायला सवडच मिळत नाही, मग देणार काय? उलट सुरुवातीला मनगट किंचित आवरून धरलं तर ९० झाले. जॉर्गेन्सन हेच सांगून गेले होते. फार वेळ आवरलं तर मात्र क्लब चेंडूपाशी पोचेपर्यंत उघडतच नाही आणि आकडा पुन्हा घसरतो.

माझा व्हिडिओ पुन्हा काढला. डावा हात जमिनीला समांतर आलेल्या चित्रात हात आणि शाफ्ट यांच्यातला कोन मोजला: १२५ अंश. चांगल्या खेळाडूंचा तिथे काटकोन किंवा त्याहून कमी असतो. गळती सापडली. याला गोल्फवाले ‘कास्टिंग’ म्हणतात, गळ टाकल्यासारखं. मी तर म्हणेन ही मारायची घाई. लहानपणी गल्लीत टेनिसबॉलवर पट्टे मारलेल्या माणसाच्या उजव्या हाताला ती असणारच.

रोग कळला. रेंजवर जाऊन कोन ‘धरून’ ठेवायचा प्रयत्न केला. वेग ८४, आणि अर्धे चेंडू उजवीकडच्या जाळीत. कोन धरायला गेलं की दंड ताठ होतात, बिजागरी गंजल्यासारखी.

१५ डिसेंबर

मित्राचा ४६ इंची ड्रायव्हर मागून आणला (नवा क्लब *घ्यायचा* नाही, असा नियम आहे). वेग ८९. चेंडूचा वेग ११९. लांब काठी मधोमध लागत नाही. परत केला.

२१ डिसेंबर

जमिनीचा प्रश्न. सगळे म्हणतात वेग जमिनीतून येतो. चांगला खेळाडू डाउनस्विंगमध्ये पुढच्या पायाने शरीराच्या वजनाच्या दीडपटीहूनही जास्त दाब जमिनीवर देतो, आणि हा दाब इम्पॅक्टला नाही, त्याच्या बराच आधी शिगेला पोचतो. प्रयोगशाळेत यासाठी दाबपट्ट्या असतात. माझ्याकडे वजनाचे दोन काटे, एक घरचा, एक शेजारच्या वहिनींचा.

गच्चीवर दोन्ही पाय दोन काट्यांवर ठेवून स्विंग केला. काट्याला आकडा दाखवायला दोन सेकंद लागतात, माझा डाउनस्विंग ०.३४ सेकंदाचा. दोन्ही काट्यांवर ‘एरर’. वहिनींच्या काट्याचा एक पाय मोडला. नवा आणून दिला. प्रकल्पाचा आजवरचा सर्वात मोठा खर्च हा.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

हे पान रेंजबद्दल नाही, पण प्रकल्पातलं सर्वात कामाचं पान हेच असेल.

तीन दिवस मामांकडे मंगळवेढ्याला आहे. ज्वारी दाण्यात आलीय, पाखरांची राखण चालू. सकाळी हुरडा खाऊन मामांबरोबर माळ्यावर चढलो. पंच्याहत्तरीच्या मामांनी गोफणीत गुंडा घातला, एक फाशा बोटात, दुसरं टोक चिमटीत, डोक्यावर दोन फेरे आणि सट्! गुंडा पट्टीच्या पार पलीकडच्या बांधावर. दंड माझ्या मनगटाएवढा असेल त्यांचा.

मी घेतली. दणकून फिरवली. गुंडा माळ्याच्या खालीच पडला, एक माझ्या पाठीवर.

“अरं, हात कशाला पळवतोस?” मामा म्हणाले. “गुंडा पळू दे. तू नुसता आत वढ.”

“ओढू म्हणजे कसं, मामा?”

“दोरी सैल पडू द्यायची न्हाई. हात जरा म्होरं, आन् वढ. सैल पडली का संपलं.”

त्यांचा हात मी नीट बघितला. हात छोटंसं वर्तुळ काढतो, वितीएवढं. गुंडा मोठं वर्तुळ काढतो. हात नेहमी गुंड्याच्या थोडा पुढे. सोडायच्या क्षणी हात पुढे धावत नाही, उलट आत, अंगाकडे येतो.

आणि मग माळ्यावर बसल्या बसल्या डोक्यात पडलं. दोरीला पीळ देता येत नाही! दोरी फक्त *ओढता* येते. गोफणीच्या मुठीतून तुम्ही मनगटाचा कितीही झटका द्या, तो गुंड्यापर्यंत पोचायला वाटच नाही. तरी तो बांधापलीकडे जातो. म्हणजे नुसत्या ओढीने, ओढीच्या दिशेने आणि लांबीने, एवढा वेग मिळू शकतो. मी आजवर क्लबला दांडकं समजत होतो, कारण तो दांडक्यासारखा दिसतो. तो कडक आहे म्हणून मनगटाने ढकलायचा मोह होतो. गोफणीत तो मोह करायची सोयच नाही.

१९ जानेवारी

पुण्यात परत. मामांच्या ‘आत वढ’चा हिशेब.

इम्पॅक्टजवळ क्लब हातांना बाहेर ओढतो तो सुमारे २५० न्यूटनने, म्हणजे पंचवीस किलोचं पोतं लटकल्यासारखा. या ओढीविरुद्ध शेवटच्या टप्प्यात खांदा-मूठ पाच सेंटिमीटर जरी आत, वर, गेली तरी काम होतं. टप्पाभराची सरासरी ओढ २०० न्यूटन धरली तर दहा ज्यूल. क्लबच्या १७५ ज्यूलमध्ये दहाची भर म्हणजे वेगात जवळपास तीन टक्के, अडीच मैल. झोपाळ्यावर उभा मुलगा तळाशी येताना उठतो आणि झोका वाढतो, त्यातलंच हे. जपानच्या के. मिउरा यांनी २००१ मध्ये गोल्फच्या स्विंगसाठी ही आतली ओढ मांडली होती. मी वाचलंही होतं, पण वाचून काय होतं.

आणि जमिनीचं कोडं इथेच सुटायला लागलं. पुढच्या पायाने जमीन दाबली की पाय सरळ होतो, डावा खांदा वर जातो, मूठ वर ओढली जाते. ‘जमिनीतून वेग’ येतो तो या वाटेने, शिवाय अंगाला फिरायला जो आधार लागतो तो वेगळा. जमीन स्वतः काम करत नाही, ती हलत नाही. काम स्नायूच करतात, जमीन त्यांना टेकू देते.

दुसरा हिशेब ओढीच्या लांबीचा. कॅनडातले साशो मॅकेन्झी हातांचा मार्ग आणि त्यावरचा जोर यांवर भर देतात. काम म्हणजे जोर गुणिले अंतर, शाळेतलंच. माझ्या मुठीचा वरून चेंडूपर्यंतचा मार्ग व्हिडिओवरून १.३५ मीटर. १७५ ज्यूल भागिले १.३५, मार्गभर सरासरी तेरा किलोची ओढ. तोच जोर पंधरा सेंटिमीटर जास्त लावता आला तर वीस ज्यूल, साडेचार-पाच मैल. ताकद न वाढवता! माझा बॅकस्विंग (क्लब मागे, वर नेणं) आखूड आहे, कारण कुणीतरी कधीतरी ‘आटोपशीर ठेवा’ सांगितलं होतं.

२६ जानेवारी

कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचा सव्वा मीटर तुकडा, टोकाला मोठी गाठ. गच्चीवर गोल्फच्या पवित्र्यात तीच फिरवतोय. बॅकस्विंगला गाठ पाठीवर टेकू द्यायची, मग डाउनस्विंग. घाई केली की दोरी सैल पडते, लगेच कळतं. नीट ओढली तर ‘सूं’ असा आवाज चेंडूच्या जागेपाशी येतो, चुकलं तर उजव्या खांद्यापाशीच येऊन जातो. रडारपेक्षा हा आवाज प्रामाणिक वाटतो.

खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की रोज संध्याकाळी गच्चीवर कोण कोणाला मारतंय.

९ फेब्रुवारी

काही नाही. कंबर धरलीय. लांब बॅकस्विंग कमरेतून काढायला गेलो, छाती आणि कुल्हे वळवायचे सोडून. उजवा कुल्हा मोकळा सोडायचा, डावी टाच उचलली तरी चालेल. आठवडाभर विश्रांती. अर्धांगिनीचा प्रश्न: एवढा वेग हवाय कशाला? टोकियो ऑलिंपिकात गोल्फमध्ये अदिती अशोक चौथी आली ती काय लांब मारून? प्रश्न रास्त आहे. तिचं पटिंग (चेंडू भोकात घालायचे हलके फटके) माझ्याकडे असतं तर हा प्रकल्प काढलाच नसता.

२ मार्च, रविवार

तेच रडार, तोच ड्रायव्हर, वीस चेंडू. क्लबहेड सरासरी ९३, सर्वात जास्त ९६. चेंडूचा वेग १३३. म्हणजे चेंडू-क्लबच्या वेगांचं गुणोत्तर १.३९ वरून १.४३ वर. ठिपक्याचं औषध निम्मं लागू पडलं, टीपासून (चेंडू ठेवायच्या खुंटीपासून) अर्धं पाऊल मागे सरलो एवढंच केलं. मुठीचा मार्ग १.४५ मीटर. डावा हात समांतर असतानाचा कोन १०५, अजून काटकोन नाही. इम्पॅक्टला मूठ सेकंदाला ६ मीटरच्या आसपासच, पूर्वीएवढीच! पाच मैल वाढले, ते मुठीच्या वेगात कुठेही दिसत नाहीत. वीसपैकी चार चेंडू उजव्या जाळीत, ते लिहिलं नाही तर बेइमानी होईल.

ती मुलगी होती. तिचा आकडा ९६. हुशारीने विचारलं, काय करतेस? म्हणाली, “काही नाही काका, फिरते आणि मारते.”

मामांना फोन केला, ८८ चे ९३ झाले म्हणून.

“त्यानं काय हुतं?”

“चेंडू वीस यार्ड पुढे जातो, मामा.”

“आन् मग?”

“मग चालत जाऊन तो शोधायचा.”

बराच वेळ पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज. ज्वारी काढून झालीय म्हणाले, गोफण खुंटीला आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

पुढचं काम: प्रतिमानात खांद्याला वर सरकता येईल अशी सोय करणे, म्हणजे पाच सेंटिमीटरचा अंदाज तपासता येईल. दोरीची गाठ झिजलीय, ती बदलणे.